म्हसळ्याची बारा पाने

माणगावात मुंबई-गोवा महामार्ग सोडून पश्चिमेस वळले की मोर्बा आणि साई मागे टाकून रस्ता घोणसे घाटात शिरतो. घाट फार मोठा नाही; पण वळणे अशी की गाडीतील माणसे आपोआप बोलणे थांबवतात. पलीकडे उतरताच हवेत दमटपणा येतो, कापणी होऊन गेलेली भाताची खाचरे, आंब्याची जुनी झाडे आणि कौलारू घरे दिसू लागतात, आणि म्हसळा गाव येते. श्रीवर्धन, हरिहरेश्वर किंवा दिवेआगरला निघालेला प्रवासी इथे चहापुरता थांबतो. म्हसळ्याला स्वतःची पुळण नाही. राजपुरीची खाडी आत शिरत शिरत या परिसरापर्यंत येते, आणि तिच्याच वाटेने हा तालुका समुद्राला भेटतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत एक कुटुंब मात्र केवळ म्हसळ्यासाठी आले होते. पनवेलला कापडाचे दुकान असलेले हे घराणे मूळचे म्हसळ्याच्या बाजारपेठेतले. पेढी पनवेलला हलवून पन्नास वर्षे होत आली होती, आणि त्या निमित्ताने पुढच्या वर्षीची दुकानाची दिनदर्शिका म्हसळा तालुक्यातील बारा छायाचित्रांची काढावी असे ठरले होते. गाडीत चौघे होते : आजोबा, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, बा, म्हणजे आजी, गाडी चालवणारा त्यांचा मुलगा, आणि सनदी लेखापालाची उमेदवारी करणारी नात. खाखऱ्यांच्या डब्याशेजारी एका पेटीत दोन कॅमेरे होते. दोन्ही कॅमेरे त्यांच्या मालकीचे नव्हते. एक नातीच्या मैत्रिणीकडून मागून आणलेला, दुसरा मुंबईहून तीन दिवसांच्या भाड्याने घेतलेला, आणि दोहोंना चालणारी एक लांब लेन्सही भाड्याचीच. परत गेल्यावर या दोहोंपैकी एक विकत घ्यायचा होता, आणि कोणता घ्यायचा यावरून घरात पंधरा दिवस वाद चालू होता.

हा वाद वाचकांना अपेक्षित असेल त्याच्या उलट्या दिशेने चालला होता. नवा कॅमेरा हवा होता तो आजोबांना. जुन्यावर समाधान मानत होती ती नात.

दोन्ही कॅमेरे सोनी कंपनीच्या एकाच घराण्यातले. पूर्वीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आधी आरशावर पडे, तिथून वर परावर्तित होऊन डोळ्याला दिसे, आणि बटण दाबले की आरसा खट्कन वर जाऊन फिल्मला किंवा सेन्सरला वाट देई. हा आरसा काढून टाकला की मिररलेस कॅमेरा झाला. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला दिसते तेच छोट्या पडद्यावर डोळ्यापुढे येते. सोनीने पूर्ण आकाराच्या सेन्सरचा असा पहिला ए-सेव्हन कॅमेरा २०१३ साली आणला. त्याची तिसरी पिढी २०१८ साली आली आणि चौथी पिढी २०२१ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. छायाचित्रकार मंडळी त्यांना ‘ए-सेव्हन थ्री’ आणि ‘ए-सेव्हन फोर’ म्हणतात. भारतात आला तेव्हा लेन्सविना नुसत्या थ्रीचा भाव १,६४,९९० रुपये होता. २०२२ च्या जानेवारीत फोर आला तो २,४२,४९० रुपयांना. दोन पिढ्यांमधले अंतर, बाजाराच्या भाषेत, ७७,५०० रुपये. त्यानंतर थ्रीचा भाव आणखी उतरला, आणि आजोबांच्या मनात पाल चुकचुकली ती नेमकी तिथेच. मागच्या हंगामाचा माल स्वस्त मिळतो तो कुणाच्या उपकारासाठी नव्हे, दुकानदाराला तो खपवायचा असतो म्हणून, हे त्यांनी पन्नास वर्षे गल्ल्यावर बसून पाहिले होते. “घ्यायचे तर चालू हंगामाचे घे. जुन्या डिझाइनचा तागा स्वस्त पडतो खरा, पण कपाटात तोच शिल्लक राहतो,” असे त्यांचे म्हणणे.

नातीचे उत्तरही व्यापाऱ्याच्याच घरातले होते. तागा कुठला नि अस्तर कुठले हे आधी ठरवा, असे ती म्हणे. कॅमेऱ्याची बॉडी तीन-चार वर्षांत जुनी ठरते. चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षे सहज चालते आणि दोन्ही पिढ्यांच्या बॉडीवर सारखीच बसते. तेव्हा पैसे लेन्समध्ये घालावेत. बरोबर आणलेली लेन्स होती २०० ते ६०० मिलिमीटरची, २०१९ साली बाजारात आलेली, दोन किलोंहून अधिक वजनाची. तिच्यापुढे साडेसहाशे ग्रॅमची बॉडी खेळण्यासारखी दिसे. वजनाचे म्हणाल तर दोन पिढ्यांमध्ये अवघ्या आठ ग्रॅमचा फरक, नवी तेवढी जड.

आजोबांना कॅमेऱ्याचे वावडे होते असे मात्र नाही. तरुणपणी त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री होता, बडोद्यात तयार होणारा तो काळा डबा, ज्याने एका पिढीची लग्ने, बारशी आणि सहली टिपल्या. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे. बारांपैकी चार बरी आली तरी माणूस खूश असे. पुढे कुणीतरी त्यांना सांगितले की फिल्मवरचा लेप जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी उकळून काढतात. माहिती खरीच होती. त्यांनी खात्री करून घेतली आणि कॅमेरा कपाटात ठेवला तो कायमचा. डिजिटल आले तेव्हा ही अडचण उरली नव्हती; पण तोवर हाताची सवय गेली होती. नातीने कॅमेऱ्याला कातडी पट्ट्याऐवजी नायलॉनचा पट्टा लावला आहे, हे पेटी उघडताच त्यांनी आधी पाहिले.

पहिला दिवस खाडीचा होता. म्हसळा हा जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानाचा भाग. ते संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तालुका कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले. संस्थानी काळात घाटातून गाडीरस्ते नव्हते तेव्हा माल खाडीनेच यायचा. भरती पाहून मचवे आत येत, ओहोटी लागण्याआधी रिकामे होऊन निघत. कापडाचे गठ्ठे भिजू नयेत म्हणून वरून ताडपत्री आणि खालून भाताचा पेंढा घालत, असे आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले. आज खाडीकाठच्या मेंदडी, खारसईकडे गेले की मचव्यांच्या जागी मासेमारीच्या छोट्या होड्या दिसतात, आणि दोन्ही काठांना खारफुटीची गर्द पट्टी. ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यावर बगळे एक पाय उचलून उभे असतात आणि खेकड्यांची बिळे चाळणीसारखी दिसतात.

नातीने इथे दोन्ही कॅमेरे आळीपाळीने एकाच लेन्सवर चढवून तीच चित्रे काढली. पद्धत लेखापरीक्षकाची : एक बाजू नोंदली की दुसरी बाजू ताबडतोब नोंदायची, मागाहून आठवणीवर विसंबायचे नाही. होडी, जाळे विणणाऱ्या म्हाताऱ्याचे हात, बगळा, खारफुटीची मुळे. माणसाचा चेहरा समोर आला तर डोळा शोधून त्यावर फोकस धरण्याची विद्या दोघांकडेही आहे. बगळ्याच्या बाबतीत मात्र फरक उघड होता. थ्रीला एप्रिल २०१९ च्या सुधारणेने प्राण्यांचे डोळे ओळखता येऊ लागले, पण ते कुत्र्यामांजरांचे. पक्ष्याचा डोळा त्याला कळत नाही. फोरला कळतो. बगळा वाकला, सरकला, मान लांबवून परत आला, तरी पडद्यावरचा छोटा चौकोन त्याच्या डोळ्यावर डिंकाने चिकटवल्यासारखा राही. आजोबांनी हे पाहिले आणि काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकाने तागा हातात घेतला की दुकानदाराने गप्प बसायचे असते.

संध्याकाळी एक जुनीच अडचण उभी राहिली. छायाचित्रासाठी सर्वांत चांगला प्रकाश सूर्य बुडण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात मिळतो, आणि चौविहार पाळणाऱ्या घरात त्याच अर्ध्या तासात पान वाढलेले असते. बा या बाबतीत तडजोड करणाऱ्या नव्हेत. खाडीच्या काठावर चटई टाकून चौघे जेवले, पाणी प्यायले, आणि नातीने कॅमेरा हातात घेतला तेव्हा सोनेरी प्रकाश जाऊन निळसर काळोख उतरू लागला होता. हे नुकसान पुढे कामी आले. त्या मंद उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांची संवेदनशीलता खूप वाढवून घेतलेली चित्रे दुसऱ्या दिवशी संगणकावर शेजारीशेजारी लावली तेव्हा कोणते कुठल्याचे हे नावाची पट्टी झाकल्यावर तिच्या वडिलांना ओळखता आले नाही. नव्याचे पिक्सेल अधिक, म्हणून प्रत्येक पिक्सेल लहान. त्यामुळे अंधारातल्या दाण्यात नव्या पिढीने जुनीला मागे टाकलेले नाही. आणखी एक गोष्ट बाजारात फारशी कुणी सांगत नाही. दोघांची बॅटरी एकच, पण कंपनीच्याच मोजणीनुसार पडद्यावर पाहून काढल्यास थ्री एका भरणीत ७१० चित्रे देतो, फोर ५८०. नव्या मेंदूला खाणे जास्त लागते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चिरगावकडे निघाली. खरे म्हणजे लांब लेन्स भाड्याने आणण्याचे कारण चिरगाव हेच होते.

म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीची गिधाडे आहेत. एके काळी भारतात हा पक्षी इतका विपुल होता की त्याची गणती करावी असे कुणाला वाटले नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातील त्यांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारी पेढीचा एक रुपया उरावा तसे. कारण सापडायला बरीच वर्षे लागली. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. कुणीही गिधाडे मारायला निघाले नव्हते, हे यातले सर्वांत अवघड. गाईचे दुखणे कमी व्हावे म्हणून दयेने दिलेल्या औषधानेच हा संहार झाला. जीवदयेचा विचार करणाऱ्या घरांनी या गोष्टीपाशी थोडे थांबायला हरकत नाही. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना बाधत नाही, आणि गोशाळेचे किंवा पांजरपोळाचे काम पाहणाऱ्यांनी आपल्या औषधांच्या कपाटात कोणती कुपी आहे हे एकदा पाहून घ्यावे.

चिरगावच्या गिधाडांसाठी महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने आणि तिचे प्रेमसागर मेस्त्री यांनी गावकऱ्यांना आणि वन विभागाला बरोबर घेऊन दीर्घ काळ काम केले आहे. गिधाडांना सुरक्षित अन्न मिळावे, घरट्यांची झाडे तुटू नयेत आणि गावाला हा पक्षी आपला वाटावा, असा त्या कामाचा रोख. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन आणि म्हसळ्यात घरांचे पत्रे आणि कौले उडाली, आंब्या-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आणि गिधाडे ज्यांवर घरटी करत त्या उंच झाडांपैकीही कित्येक कोसळली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू उडायला लागेपर्यंत चार-पाच महिने त्याच फांदीवर काढते. असे झाड पडले तर ती जागा भरून यायला माणसाची एक पिढी जावी लागते.

गावातून एक वाटाड्या बरोबर आला. त्याने एकच अट घातली : घरट्यांच्या झाडाखाली जायचे नाही, मी उभा राहीन तिथून पुढे पाऊल टाकायचे नाही. तो जिथे थांबला तिथून समोरच्या उतारावरचे झाड दिसत होते. उघड्या डोळ्यांना घरटे म्हणजे फांद्यांच्या बेचक्यातली काळपट काडीकचऱ्याची गाठ. दुर्बिणीतून तिच्यावर एक मान हलताना दिसली.

इथे दोन्ही कॅमेऱ्यांची परीक्षा झाली. दोघांनाही आवाज न करता चित्र काढता येते. यांत्रिक पडदा न हलवता सेन्सर नुसता वाचून घेतात. पक्ष्याला आपण आल्याचे कळू नये म्हणून नातीने दोन्ही मूक ठेवले. या पद्धतीत सेन्सरच्या ओळी एकापाठोपाठ एक वाचल्या जातात, एकदम नव्हे. म्हणून वेगाने हलणारी वस्तू तिरकी उमटते. नव्यात ओळी अधिक, आणि वाचण्याचा वेग काही वाढलेला नाही. म्हणजे जिथे नव्या पिढीकडून सर्वांत अपेक्षा होती तिथे ती जुनीच्याच बाकावर बसलेली निघाली. घरट्यावर बसलेला पक्षी हलतच नव्हता, त्यामुळे याची झळ लागली नाही. डोळा ओळखण्याच्या विद्येचेही तसेच. मध्ये पाने होती. फोरचा चौकोन पानावर, मग फांदीवर, मग कधीतरी पक्ष्यावर, असा भटकत राहिला. शेवटी दोन्ही कॅमेऱ्यांत एकच बिंदू निवडून तो हाताने मानेवर ठेवावा लागला. स्थिर पक्ष्यासाठी तिसरी पिढी आणि चौथी पिढी यांत काहीही फरक पडला नाही.

दहा-साडेदहाला ऊन तापले आणि रानावरून गरम हवा वर चढू लागली. गिधाडे या हवेची वाट पाहतात. सहा-सात फुटांचा पंखांचा पसारा सकाळच्या थंड हवेत उचलणे त्यांना महागात पडते. प्रथम एक, मग दोन, पंख न हलवता ती वर्तुळात चढू लागली. काळे अंग, पंखांच्या खालच्या बाजूला पांढरी पट्टी, वळताना पाठीवरचा पांढरा डाग उन्हात क्षणभर चमके. कोऱ्या आकाशावर असेपर्यंत थ्रीनेही पक्षी सोडला नाही. तेच गिधाड घसरत डोंगराच्या पार्श्वभूमीवर आले की थ्री त्याला सोडून मागच्या रानावर जाऊन बसे. फोर बहुतेक वेळा पक्ष्याबरोबर राही. हा फरक खरा होता आणि नातीने तो वहीत जसाच्या तसा नोंदला. आजोबांनी वही मागून घेऊन वाचली. “मग?” एवढेच विचारले.

त्या ‘मग’चे उत्तर दुपारी, म्हसळ्याच्या बाजारपेठेत एका ओळखीच्या दुकानाच्या ओटीवर, कागदावर मांडले गेले. दिनदर्शिकेच्या पानावर चित्राची जागा १५ बाय १० इंच. छापखान्याला इंचाला ३०० ठिपके पुरतात, म्हणजे ४,५०० बाय ३,००० पिक्सेल. थ्री देतो ६,००० बाय ४,०००. फोर देतो ७,००८ बाय ४,६७२. पूर्ण चित्र छापायचे तर दोन्ही गरजेपेक्षा जास्त देतात, आणि वरचे सगळे छापखान्यात वाया जाते. फरक पडतो तो कातरण्यात. थ्रीचे चित्र रुंदीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कातरता येते, म्हणजे ६०० मिलिमीटरची लेन्स ८०० ची झाली. फोरचे चौसष्ट टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ९३४ ची. वाटाड्याने आखलेली रेषा ओलांडायची नाही हे पक्के असल्यामुळे नवा कॅमेरा १३४ मिलिमीटरचे जवळपण विकत देत होता. हिशेब इतका उतरल्यावर नातीने बारा पानांची यादी काढली : खाडी, मचव्यांचा जुना धक्का, खारफुटी, बाजारपेठ, घाटातले वळण, पावसाळ्यातली लावणी, आणि अशीच पुढे. त्यांपैकी अकरा पानांना या १३४ मिलिमीटरचा काही उपयोग नव्हता. बाराव्या पानासाठी, गिधाडाच्या पानासाठी, तो होता. पण सकाळची चित्रे उघडून पाहिली तर घरट्यातला पक्षी नव्याने कातरूनही बोटाच्या पेराएवढाच दिसत होता. ८०० नेही पुरले नाही, ९३४ नेही पुरले नाही.

तेव्हा आजोबांनी मनातला खरा आक्षेप बाहेर काढला, आणि तो कॅमेऱ्याविषयी नव्हताच. दुकानात, देवाच्या तसबिरीशेजारी, वर्षभर जी दिनदर्शिका टांगायची तिच्यावर गिधाड? गिऱ्हाईक काय म्हणेल? घराच्या छपरावर गिधाड बसले तर शांत करणारी माणसे या तालुक्यात अजून आहेत. मुलानेही मान हलवली. बारावे पान खाडीचेच दुसरे एखादे घ्यावे, म्हणजे ७७,५०० चा प्रश्नही आपोआप मिटेल.

बा इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “जटायू कोण होता?”

जैन रामकथा घरात ऐकलेल्यांना पुढचे सांगायला नको. विमलसूरींच्या ‘पउमचरियं’पासून हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’पर्यंत ती आली आहे. दंडकारण्यात मुनींचे पारणे चालू असता एक रोगट गिधाड तिथे आले, मुनींच्या चरणांचा स्पर्श होताच त्याचे शरीर निर्मळ झाले, मस्तकावर रत्नांसारख्या जटा चमकू लागल्या आणि म्हणून रामाने त्याला जटायू म्हटले. त्याने श्रावकाची व्रते घेतली, हे सांगायला कथाकार विसरत नाहीत. बांनी ही कथा चातुर्मासात व्याख्यानात कितीदा ऐकली होती. “जो आपल्यातला झाला होता त्याला तुम्ही भिंतीवर जागा देत नाही होय?” एवढे बोलून त्या पुन्हा खाखरे मोजू लागल्या. आजोबांनी उत्तर दिले नाही; पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत चिरगावला जाऊ, असे त्यांनीच सुचवले.

तिसऱ्या दिवशी नातीने लांब लेन्स काढून साधी लेन्स चढवली. वाटाड्या त्याच जागी उभा राहिला. तिने झाड पूर्ण घेतले, त्याच्याखालचा उतार घेतला, वादळात आडवे झालेले आणि अजून न उचललेले शेजारचे ओंडके घेतले, मागे निळसर डोंगर, आणि वर कोपऱ्यात, ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल असे, चढणारे एक गिधाड. हे चित्र तिने दोन्ही कॅमेऱ्यांवर काढले. आजोबांनी थ्रीच्या मागच्या पडद्यावर ते पाहिले, चष्मा पुसून परत पाहिले. थ्रीचा पडदा नुसता वरखाली कलतो; फोरचा बाजूला उघडून हवा तसा फिरतो, आणि स्पर्शाने सगळी यादीही चालते. वयस्कर माणसाला तो सोयीचा आहे हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तसेच हेही, की दुकानासाठी साड्यांचे व्हिडिओ हाच मुख्य धंदा असता तर गोष्ट वेगळी झाली असती. फोर रंगांच्या दहा-बिट नोंदी ठेवतो, थ्री आठ-बिट. जरीच्या काठाचा रंग पडद्यावर खरा उतरवायचा तर पुढची पिढी घेणे योग्य. पण दुकानाचे व्हिडिओ तेव्हाही मोबाइलवरच होत होते आणि कुणाची तक्रार नव्हती.

पनवेलला परतल्यावर थ्री घेतला गेला, नवा, पक्क्या बिलासह, पेढीच्या नावावर. या बिलाबद्दल नातीचा आग्रह होता. कुणाकडून तरी वापरलेला घेतला असता तर आणखी स्वस्त पडला असता. पण वस्तू धंद्यासाठी असेल आणि बिल पेढीच्या नावावर असेल तरच भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट मिळते, आणि कराच्या रकमेवर घसारा धरला तर तीही जाते. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. अठरा टक्क्यांप्रमाणे फोरच्या २,४२,४९० मध्ये बरोबर ३६,९९० रुपये कराचे निघतात, असा हिशेबही तिने आजोबांना करून दाखवला. न घेतलेल्या वस्तूच्या कराचा हिशेब मांडणारी ती घरातली पहिलीच, असे तिचे वडील म्हणाले. लांब लेन्सही घेतली. तिच्यासाठी ७७,५०० पुरले नाहीत, वर बरेच घालावे लागले, आणि ते आजोबांनी घातले.

बारावे पान कोणत्या महिन्याला लावायचे यावर थोडा घोळ झाला. दिवाळीच्या महिन्याला गिधाड नको, यावर बाही राजी झाल्या. पर्युषण येते त्या महिन्याला ते लावावे, असे शेवटी ठरले, आणि चित्राखाली गावाचे नाव तेवढे छापले, झाड कुठे आहे ते नाही.

दिनदर्शिका वाटण्याच्या दिवसांत म्हसळ्याकडचे एक वृद्ध गिऱ्हाईक दुकानात आले. त्यांनी प्रथेप्रमाणे सगळी पाने चाळली, खाडीच्या पानावर मान डोलावली, घाटाच्या वळणावर हसले. झाडाच्या पानाशी आल्यावर त्यांनी दिनदर्शिका उजेडाकडे धरली. वर कोपऱ्यातला ठिपका त्यांना दिसला की नाही कोण जाणे. त्यांनी बोट ठेवले ते उभ्या झाडावर.

“हे राहिलं होय?” ते म्हणाले.

आजोबांनी गल्ल्यावरून उठून त्यांना दुसरी प्रत बांधून दिली.